तलावाच्या पाळीवरचा गोवा

काय सांगू, त्या गावावरून बस जाते ना, तेव्हा मी अजूनही खिडकीतून मान आत घेतो! कोणी ओळखलं तर? ओळखतीलच. पाय धुतलेत त्यांनी माझे!

थांबा, आधी तुषार कोण ते सांगतो. गोंदियात कॉलेजला आम्ही एकाच बाकावर. हाऊस संगीत म्हणजे काय, हे त्याला मी शिकवलं. मी! "शब्द नाहीत, हिरो नाही, हिरोईन नाही, फक्त एकसारखा ठोका, आणि त्या ठोक्यावर सगळी माणसं सारखी," हे भाषण मी त्याला माझ्याच खोलीत, माझ्याच कॉम्प्युटरसमोर बसवून दिलं. आणि गोव्याला कोण गेला? तो!

मग रोज फेसबुकवर फोटो. भर दुपार, मागे समुद्र, झावळ्यांचा मांडव आणि त्याखाली हा अनवाणी उभा राहून वाजवतोय. वर लिहिलेलं, 'रात्रीचे बंद क्लब जुने झाले, हाऊस आता उन्हात आलं!' अहो, हा विचार माझा होता! अंधार नको, दारू नको, तिकीट नको, संगीत उघड्यावर यायला हवं, असं मी कँटीनमध्ये ओरडून सांगायचो, तेव्हा हा समोसा खात होता. मी फोटो लाइक करायचो आणि उशीला बुक्के मारायचो.

एक दिवस त्याचा फोन. "अबे, रविवारी येऊन राहिलो मी. तुझं काय सुरू आहे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मीपण दिवसाच वाजवतो. बीचवर."

"गोंदिया जिल्ह्यात बीच?"

"ये तू, दाखवतो!"

झालं! कोहमाऱ्याच्या पुढे एका गावाबाहेर मोठा तलाव आहे. एप्रिलमध्ये पाणी मागे हटतं आणि काठाला वाळूचा पट्टा उघडा पडतो. डोळे बारीक करून पाहिलं तर गोवा. फार बारीक करावे लागतात, पण दिसतो! वरातींत वाजवणाऱ्या दिलीपभाऊंचा डीजे ठरवला. त्यांचा स्पीकरने भरलेला पिकअप थेट तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढवला. मी पांढरा सदरा, पांढरी पँट, काळा चष्मा. कॉलेजच्या सगळ्यांना बोलावलं होतं. आले दोघं. तेही आंब्याच्या सावलीत आडवे झाले.

पण मी वाजवत राहिलो. घाम डोळ्यांत जात होता, माझं एकच, तुषार येईपर्यंत गर्दी जमली पाहिजे!

आणि काय सांगू, जमली! गावाकडून माणसं येताना दिसली. बायका, म्हातारे, पोरंटोरं, धावतच! माझ्या अंगावर काटा आला. बघ तुषार, जनता स्वतःहून आली. बोलवावं नाही लागलं!

पुढे एक फेटेवाले मामा होते. घाईघाईने म्हणाले, "माफी करजा जी, उशीर झाला आमाले. लय येळ उन्हात उभे आहात काय?"

"कलेसाठी उन्हात उभं राहावंच लागतं," मी म्हणालो.

त्यांना ते फार आवडलं. एका काकूंनी शरबत दिलं. दुसरीने कळशीतल्या पाण्याने माझे पाय धुतले, कपाळाला टिळा लावला. मी मनात म्हटलं, कलावंताचा असा मान गोव्यात होतो का? नावच काढू नका!

मागे कुजबुज ऐकू आली. "फोटोत तं गोरा दिसे ना वं!"

"उन्हानं रापला असन."

माझे फोटो इथवर पोचलेत? मी आणखी ताठ झालो.

मामांनी विचारलं, "बाकीचे कवा येतीन?"

"येतील हळूहळू. आज ना उद्या सगळा जिल्हा येणार आहे, मामा!"

मामांचा चेहरा उतरला. "सारा जिल्हा? बापा! तेवढा सैपाक नाही केला जी आमी!"

"जेवणाचं सोडा हो! मला काही नको. पैसा नको, देणं-घेणं नको. मनं जुळली की झालं!"

मामांनी डोळे पुसले. "असा पोरगा दिवा घेऊन धुंडला तरी नाही भेटे," म्हणाले आणि मला मिठी मारली. पिकअप गावात वळला. पुढे मी नाचतोय, मागे गाव. मांडवाच्या दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि ताटासकट मागे सरकल्या.

"अवो दादा, हा कोन आणला तुमी? नवरदेव पाहाले मी गेली होती, हा तो नोहे!"

आता मला सांगा, आमच्याकडे उन्हाळ्यातली वरात गावाबाहेर थांबते, तिचा डीजे वाजला की मुलीकडचे तिला आणायला धावतात, हे मला माहीत नव्हतं? किती वरातींत नाचलोय मी! पण डोळ्यांपुढे तुषार असला की मला दुसरं दिसतं कुठे?

तेवढ्यात खरी वरात आली. तिची गाडी कोहमाऱ्याला पंक्चर झाली होती. आणि नवरदेवाच्या शेजारून, त्याच गाडीत लिफ्ट घेतलेला, कोण उतरला? तुषार!

त्याने सगळं ऐकलं, हसून हसून खाली बसला, मग उठला आणि माझ्या जागी उभा राहिला. हाऊसच्या ठोक्यावर त्याने लग्नातली ढोलकी अशी चढवली की टिळा लावणाऱ्या काकूसुद्धा पदर खोचून नाचल्या. भर दुपारी, उन्हात! आणि मी? मामांनी माझ्या हातात वरणाची बादली दिली. "जावई नाही तं नाही, वाढाले तं लागा!"

शेवटच्या पंगतीत आम्ही शेजारी बसलो. तुषार माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "खरं सांगू? तुझा हेवा वाटून राहिला मले. तिथं मी वाजवतो, तं लोक ताटातून मान वर नाही करत. तुझं वाजवणं ऐकून गाव धावत आलं बे!"

अहो, हेच वाक्य ऐकायला मी जगत होतो! माझी छाती फुगली. एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण नाही. मला साक्षीदार पाहिजे होता!

"मामा, इकडे या. याला सांगा, माझं संगीत ऐकूनच तुम्ही धावलात ना?"

"संगीत?" मामा प्रामाणिकपणे आठवू लागले. "गानं तं तुमी लावलंच नाही जी. धडधड, धडधड, मशीनच चेक होऊन राहिली होती. म्हटलं, गानं लागाच्या आंधी पोचाव, म्हनून धावलो!"