दोघींचा एक पट्टा

पट्टा आणला तो माझ्यासाठी. मला साखर आहे आणि डॉक्टरने रोज चालायला सांगितलं होतं. मी चालत नाही असा पुतण्याला संशय होता आणि तो खरा होता. मिसिसागाच्या नोव्हेंबरात बाहेर जाऊन वारा खायचं मला काही कारण दिसत नव्हतं. तेव्हा त्याने मनगटावर बांधायचा तो काळा रबरी पट्टा आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "काकी, आता थापा बंद. हा सगळं मोजतो."

आम्ही दोघी जावा त्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये राहत होतो. थोरली जाऊ म्हणजे त्याची आई. मी नवऱ्याबरोबर फार आधी कॅनडात आले. तो हॅमिल्टनला पोलादाच्या कारखान्यात होता आणि तिथेच पुरला. थोरली तिचा नवरा वसईकडे आमच्या गावी वारल्यावर आली. मुलगा बोलावतो म्हणून आली. आवडलं म्हणून नाही. बेसमेंटची खिडकी जमिनीला टेकलेली होती. थंडी सुरू झाली की आधी तिच्यात पानं साचत, मग बर्फ, आणि दुपारचंही दिवा लावून बसावं लागे.

पट्टा फोनला जोडण्यात एक अख्खा रविवार गेला. माझा फोन पुतण्याचाच वापरून झालेला. त्यात ॲप उतरेना. आधी फोन अपडेट करा म्हणे. अपडेटला जागा नाही, म्हणून माझे फोटो पुसले. ब्लूटूथ चालू केलं तर पट्टा दिसेना, शेजाऱ्यांचा टीव्ही दिसायला लागला. मग पट्टा दिसला. त्याच्यावर आकडे उमटायचे, ते फोनमध्ये टाकायचे, पण टाकेपर्यंत विझून जायचे. शेवटी जुळलं. मग फोन प्रश्न विचारायला लागला. जन्म कधीचा, उंची किती, वजन किती. वजन मी कमी सांगितलं.

"आता विचारतोय, तुम्ही कुठे आहात ते त्याला कळलेलं चालेल का," पुतण्या म्हणाला.

"त्याला कशाला कळायला हवं?" थोरली म्हणाली. "तेवढ्याला देव आहे ना."

"आई, ते ऑन केल्याशिवाय सिंक होत नाही."

"मग त्याला सांग, बेसमेंटमध्ये आहेत. कुठे जात नाहीत."

पट्ट्याच्या पाठीला एक हिरवा दिवा लुकलुकत होता. तिने पट्टा उलटा करून पाहिला आणि हा उजेड कशाला, म्हणून विचारलं. पुतण्या म्हणाला, कातडीच्या आतलं रक्त बघतो, त्यावरून छातीचे ठोके मोजतो. तिने पट्टा खाली ठेवला आणि हात पदराला पुसले.

पण पुढच्याच आठवड्यात पट्टा तिच्या हातावर होता. त्याचं असं झालं. जानेवारीत ती गावी जायची होती. तिकीट काढलेलं होतं. पुतण्याला वाटत होतं आई सहा आठवड्यांनी परत येईल. ती परत येणार नव्हती हे मला माहीत होतं. नवऱ्याच्या कबरीत आपली जागा आहे असं ती धरून चालली होती आणि त्या जागेला उशीर करायचा नव्हता. प्रवासाला पायांत जोर हवा म्हणून ती दुपारी जेवण झालं की जपमाळ हातात घेऊन जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या घालत रोझरी म्हणायची.

"नाहीतरी चालतेच आहे," ती म्हणाली. "दे तो इकडे. तुझं चालणं मी चालते, तू माझ्या वाटणीच्या भाकऱ्या भाज."

सौदा चांगला होता. एकाच वस्तूत दोघींनी भागवायचं आम्हाला नवीन नव्हतं. लग्न होऊन त्या घरात गेलो तेव्हा चर्चमध्ये मिस्साला नेसायचं चांगलं लुगडं एकच होतं. पहिल्या मिस्साला ती नेसून जायची, घरी येऊन सोडायची, दुसऱ्या मिस्साला मी. कुणाला कधी कळलं नाही. इथे तर पुतण्या दिवसभर विमानतळाजवळच्या ऑफिसात. तो यायच्या आत पट्टा माझ्या मनगटावर.

मजा पहिले काही दिवस चालली. मग एका संध्याकाळी तो कोटसुद्धा न काढता खाली आला. माझं ॲप त्याने स्वतःच्या फोनमध्येही घेतलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"काकी, दुपारी तू काय करतेस?"

"चालते. तूच सांगितलंस."

"चालतेस ते दिसतंय. पण बसल्यावरही तुझे ठोके खाली येत नाहीत. मधेच एकदम पडतात, परत चढतात. छातीत काही होतं का?"

"काही होत नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. थोरली शेगडीकडे तोंड करून चहा ढवळत होती. साखर विरघळून केव्हाची झाली होती.

त्याने आधी फोनवर संशय घेतला. ॲप काढून टाकलं, फोन बंद करून चालू केला, फोनला पट्टा विसरायला लावला, परत ओळखायला लावला. परत जन्म, परत उंची. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग त्याने दुकानात जाऊन पट्टाच बदलून आणला. नवा पट्टाही तेच सांगायला लागला. सकाळी सगळं ठीक, संध्याकाळी ठीक, दुपारी नाही. मग मला डॉक्टरकडे नेलं. छातीला तारा चिकटवून एक रात्र आणि एक दिवस तशीच ठेवली. त्या दिवशी दुपारी मी खुर्चीत बसून होते आणि थोरली पट्ट्याशिवाय फेऱ्या घालत होती. डॉक्टर म्हणाला, हृदय उत्तम आहे, असल्या खेळण्यांवर विश्वास ठेवू नका.

पुतण्या गाडीत हसला. "उगाच घाबरलो, काकी."

मी हसले नाही. माझं हृदय उत्तम, तर मग ते ठोके कुणाचे, हे मला त्या गाडीत बसल्या बसल्या कळलं होतं.

घरी आल्यावर मी तिला सरळ विचारलं. "वहिनी, कधीपासून होतंय?"

"काय?"

"मला शिकवू नको. मी चौथी पास आहे, आंधळी नाही."

ती माळ घडी करत बसली. मग म्हणाली, "पावसाळ्याच्या सुमारास गावाहून फोन आला ना, कबरीवरचा क्रूस पडला म्हणून, त्याच्या आधीपासून. पाखरू अडकल्यासारखं होतं. मग जातं."

"मुलाला सांग."

"सांगितलं की विमान बंद. डॉक्टर लोक कागद लिहून देतात. मग मी इथेच."

"इथे मरशील त्याचं काय?"

"म्हणून तर सांगत नाही. जानेवारीपर्यंत ढकलायचंय. तिकडे उतरले की मग काय व्हायचं ते होऊ दे. तू तोंड उघडलंस तर तुझं तोंड बघणार नाही, एवढं लक्षात ठेव."

मी काही कबूल केलं नाही आणि नाकारलंही नाही. पट्टा मात्र त्या दिवसापासून मी काढला नाही. चार्जिंगला लावायचा तेवढाच काढायची. ती फेऱ्या घालायची आणि मी भाकऱ्या भाजता भाजता पाठीमागे तिची पावलं ऐकायची. चप्पल घासत जायची. कोपऱ्यावर थांबायची. थांबली की माझा हात तव्यावर थांबायचा. पूर्वी एका दमात होणारी रोझरी आता अर्ध्यावर खुर्चीत बसून पुरी व्हायची. पाय सुजले होते. सपाता मागून दाबून घालायची. घर तापवायची भट्टी सुरू झाली की भिंतीपलीकडून घरघर यायची आणि तेवढा वेळ मला तिचा श्वास ऐकू यायचा नाही. ती घरघर मला नकोशी झाली.

डिसेंबरात एकदा मोठं बर्फ पडलं. रस्ते बंद, म्हणून पुतण्या वरच्या मजल्यावर बसून ऑफिसचं काम करत होता. खिडकी पुरी गाडली गेली होती. जेवण झालं. थोरलीने तिसरी की चौथी फेरी घेतली आणि टेबलाची कड धरून उभी राहिली. रोझरीतलं वाक्य अर्धंच राहिलं. मी तिला खुर्चीत बसवलं. ओठ जांभळासारखे झाले होते.

"काही नाही," ती म्हणाली. "पाणी दे."

मी पाणी दिलं. माझ्या मनगटावरचा पट्टा काढून तिच्या मनगटावर चढवला. तिने हात मागे घेतला नाही, तेवढी ताकद नव्हती. मी फोन उघडून बाजूला धरला. आधी ते चक्र फिरत राहिलं, सिंक होतंय म्हणून. नेहमीप्रमाणे जुळेना. मला वाटलं, नाही जुळलं तर बरं. मग जुळलं. आकडा आला, चढला, गेला, परत आला. ती हललीसुद्धा नव्हती.

"बंद कर ते," ती म्हणाली.

मी जिन्याच्या तळाशी गेले आणि वर हाक मारली. "खाली ये. पट्टा तुझ्या आईच्या हातावर आहे. दुपारचा तो तिच्याच हातावर होता. ठोके माझे नव्हतेच."

तो मोज्यांवर धावत खाली आला. त्याने आधी आईकडे पाहिलं नाही, फोनकडे पाहिलं. मागच्या सगळ्या दुपारी बोटाने सरकवत गेला. मग आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती.

ॲम्ब्युलन्स बर्फातून यायला वेळ लागला.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरणीने चांगल्या शब्दांत सांगितलं, पुतण्याने मराठीत आणखी चांगल्या शब्दांत. हृदयाची एक झडप आखडून बंद होत आली आहे. ऑपरेशन या वयात झेपायचं नाही. औषधं देऊ. विमान नाही. किती दिवस, ते सांगता येत नाही, पण फार नाहीत. हे शेवटचं पुतण्याने मराठीत आणलं नाही. मला तेवढं इंग्रजी येतं.

तो तिकीट रद्द करायच्या फोनसाठी बाहेर गेला. खोलीत आम्ही दोघी राहिलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं, शब्द पाळणार, बोलणार नाही. मग तोंड तसंच भिंतीकडे ठेवून तिने विचारलं.

"तुझ्या नवऱ्याला पुरला तेव्हा जमीन कशी होती?"

"गोठलेली. आधी मशीन आणून फोडली."

"आवाज झाला?"

"झाला."

"तू तिथे उभी होतीस?"

"गाडीत बसवलं होतं मला. ऐकू येत होतं."

तिने पांघरूण खांद्यापर्यंत ओढलं. "माझ्या वेळी उन्हाळा असला तर बरं," ती म्हणाली.

"नसेल," मी म्हटलं.