ढिगाच्या तळाशी आमचा मेहुणा

ज्या कृत्यांबद्दल सामान्य नागरिकावर फौजदारी खटला भरतात, ती सारी देशाच्या वतीने, भर मैदानात, टाळ्या घेत करून आलेला आणि तरीही मुंगीला वळसा घालून चालणारा माणूस उभ्या वऱ्हाडात एकच आहे, आणि तो माझा मेहुणा आहे. तेल्हाऱ्याच्या काळ्या मातीत वाढलेला हा गृहस्थ भारताकडून रग्बी खेळला. धावत्या माणसाच्या मांड्यांना मिठी मारून त्याला आडवे करणे, याला तिथे गुन्हा नव्हे, कौशल्य म्हणतात, हे प्रथम ऐकले तेव्हा मी, पेशाने वकील, दंडसंहिता पुन्हा चाळून पाहिली. या खेळात चेंडू हाताने पुढे द्यायचा नसतो, मागच्यालाच द्यायचा असतो. ही सवय त्याला इतकी जडली आहे, की राजापेठेतल्या आमच्या घरी पंगतीत त्याने न बघता मागे दिलेले वरणाचे पातेले थेट माझ्या पायजम्यावर आले. "मागं कोनी आपला पाहिजे होता न, भाऊजी," तो म्हणाला. माफी नाही, खुलासा!

तेल्हाऱ्याच्या शाळेत रग्बी शिकवण्याची जागा निघाली. त्याला आयुष्यात दुसरे काहीच नको होते, म्हणून अर्ज मी लिहिला. कार्यालयाने (कोणत्या, ते मी जाणूनबुजून लिहीत नाही) देशाकडून खेळल्याचा पुरावा मागितला. प्रमाणपत्र वाळवीने खाल्ले होते. छायाचित्र एकच निघाले. त्यात माणसांचा ढीग आणि त्याखालून आलेले पायांचे दोन उघडे तळवे. "हा मी," तो अभिमानाने म्हणाला. "चेंडू माह्याच पोटाखाली हाये." तळव्यांवरून ओळख पटवण्याची तरतूद माझ्या माहितीतल्या कोणत्याही कायद्यात नाही! शेवटी त्याने ट्रंकेतून जर्सी काढली. ती परदेशी संघाची होती. सामना संपल्यावर प्रतिस्पर्ध्याशी जर्सी बदलण्याची त्यांची रीत. भारताची जर्सी साता समुद्रापलीकडच्या कपाटात.

"म्हणजे उपलब्ध पुराव्यानुसार तू त्यांच्याकडून खेळलास!"

"त्यानं माहा दात पाडला होता, भाऊजी. मंग दोस्ती झाली."

अर्ज फेटाळला गेला. मी सात पानी अपील रचले, पण हा सही करीना. "रेफ्रीनं शिटी वाजवली का आपन बोलाचं नसते."

"अरे, डोळे मिटून वाजवली आहे!"

"तरी बी."

त्याची बहीण, म्हणजे आमची सौभाग्यवती, स्वयंपाकघरातून कडाडली, "कावून त्याच्या मागं लागून राहिले तुमी?"

मुदतीच्या अखेरच्या दिवशी मी कागद घेऊन स्वतः तेल्हारा गाठले. शाळेच्या मैदानावर पोरांचा ढीग पडला होता. नेमणूक नाही, पगार नाही, आणि हा रोज येऊन शिकवत होता, हे मला तिथे कळले. शिटी वाजली, पोरे एकेक करून उठली. तळाशी मातीने माखलेला तो, चेंडू पोटाशी धरून. "असं पडाचं," तो पोरांना सांगत होता, "वरचा कोनी बी असो, चेंडू सोडाचा नाही." मग मला पाहून म्हणाला, "सही पाहिजे का, भाऊजी? आना, तुमच्यासाठी करतो."

मी कागद खिशातून काढला नाही. जन्मात प्रथमच एक मुदत माझ्या डोळ्यांदेखत टळली. कोणी विचारणार नाही, तरी लिहून ठेवतो: शिटी वाजण्यापूर्वी त्या ढिगाखालून दोन तळवे बाहेर आलेले मी पाहिले होते. छायाचित्रातले तळवे तेच. मी शपथेवर सांगायला तयार आहे.