शैलाच्या परसातलं लग्न

नवरा जिवंत असताना आज शैलाला विधवा म्हणून निजवलं होतं.

आत्ताच नेवाशाहून भिंगारला परत आले. आंघोळ झाली, गुडघे ठणकतायत. भांडायचंही त्राण उरलेलं नाही. तरी लिहितेय.

शैला माझी कॉन्व्हेंटमधली एका बाकावरची मैत्रीण. शाळेत टिकली चालत नसे. सिस्टर गेटवरच पुसायला लावायच्या. शाळा सुटून गेटबाहेर पाऊल पडलं की ही दप्तरातून टिकली काढून पुन्हा लावायची. रोज.

नवरा लवकर गेला. निखिलला तिनं एकटीनं वाढवलं. साठी उलटल्यावर एक दिवस फोन.

"लग्न करतेय. घरामागे, परसातच. मदतीला ये."

"वेड लागलंय का?"

"हो. येताना शेवंती आण. इथली सुकलेली असते."

एसटीत मांडीवर शेवंतीची टोपली, पायाशी मोठी कढई. नेवासा येईपर्यंत माझाच मांडव झाला होता.

नवरदेव दत्ताभाऊ, एसटीतले निवृत्त मेकॅनिक, स्वतःच शेवग्याला ताडपत्री बांधत होते. निखिलला 'मीटिंग' होती. हळद लावायला सवाष्णी लागतात. गल्लीतल्या झाडून सगळ्या सवाष्णी गच्चीवरून मजा बघत होत्या.

खाली आम्ही दोघीच. मी, आणि पुऱ्या लाटणाऱ्या शेजारच्या फुलाबाई. शैलानं हळदीची वाटी आमच्यापुढे धरली.

"मी न्हाई बाई," फुलाबाई मागं सरल्या. "माझा मालक न्हाई आता. इपरीत व्हईल कायतरी."

"आणि माझं तर लग्नच झालं नाही," मी म्हणाले.

"मग बरंय की. दोघींना कुणाला विचारायला नको. लावा."

लावली. फुलाबाईंच्या हाताचं पीठ हळदीबरोबर तिच्या गालाला लागलं. तशीच बोहल्यावर उभी राहिली.

त्यानंतरची वर्षं सुखाची गेली. हे मी नाही, तीच सांगायची.

आज पहाटे ती गेल्याचा फोन आला. पोहोचले तर तिच्या अंगावर पांढरी साडी, मोकळं कपाळ. दत्ताभाऊ बाहेर चपलांपाशी.

"निखिल, हे काय?"

"मावशी, प्लीज. बाबांचं नाव आहे गावात. लोक काय म्हणतील?"

"तुझ्या आईचा नवरा चपला राखतोय. लोक बघतायतच."

दत्ताभाऊंना हाताला धरून आत आणलं. त्यांच्या पिशवीत हिरवी साडी होती. सकाळपासून मांडीवर घेऊन बसले होते.

"कुणी मागितलीच नाही हो," एवढंच म्हणाले.

मी कुंकू मागितलं. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. भिंतीकडेच्या फुलाबाई उठल्या.

"आना हिकडं. हळद आमीच लावली हुती."

हिरवी साडी नेसवली. कपाळभर मळवट भरला. निखिल खिडकीबाहेर बघत होता. बघू दे.

या हळदीकुंकवावर माझा काडीचा विश्वास नाही. पण नवऱ्याआधी गेलेल्या प्रत्येक बाईला जे न मागता देता, ते हिच्याच वेळी का आठवत नाही रे तुम्हाला?

असो. थकले.

शैला, गेटबाहेर पडलीस बाई.
आता कुणी पुसणार नाही.
जा निवांत.