घड्याळामागचा खिळा

आमच्या गवंड्याला सगळे 'उद्या' म्हणतात. ओल आलेल्या भिंतीसमोर तो उभा राहतो, ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढतो, शेजारी तारीख घालतो आणि "उद्या बघू" म्हणून चालता होतो. असं आठवडाभर. हातोडी पिशवीतच. मी मुळात तापट. पहिल्याच दिवशी त्याला विचारलं, की भिंत फोडणार आहात की तिचं चित्र काढणार आहात? तो शांतपणे पेन्सिलीला टोक करत बसला.

ओल हॉलमध्ये, छतापासून वीतभर खाली, घड्याळाच्या आजूबाजूला होती. रंगाचे पोपडे थेट सोफ्यावर पडत होते. दोष कुणाचा, हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं. वरच्या मजल्यावर ब्याऐंशी वर्षांचे काका एकटे राहतात. एकदा ते नळ चालू ठेवून फिरायला गेले होते. झालं, मी तरातरा जिना चढले आणि नको नको ते बोलून आले. एवढ्यावर न थांबता त्यांच्या लेकीलाही फोन केला. ती घाबरून आली, दोन दिवस त्यांना स्वतःकडे घेऊन गेली आणि ठरवूनच परतली: घर बंद करायचं, बाबा कायमचे तिच्याकडे. रविवारी टेम्पो येणार होता. काका वाद घालत नव्हते, कारण त्यांचाच स्वतःवर विश्वास उरला नव्हता. दाराच्या आतून त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. नळ बंद केला, सकाळ. नळ बंद केला, दुपार.

शुक्रवारी उद्या बराच वेळ रेघा मोजत राहिला. मग त्याने विचारलं, सोमवार-मंगळवार काका वर होते का? मी म्हटलं, नव्हते, लेकीकडे होते. त्यांच्या घरातला मोठा कॉक मी स्वतःच्या हाताने बंद केला होता.

"मग या दोन रेघा बघा, ताई," तो म्हणाला. "त्या दोन दिवसांतही ओल वाढलीच आहे."

घड्याळ कुणी टांगलं, हा त्याचा पुढचा प्रश्न. मीच, गेल्या महिन्यात. नवऱ्याच्या हातून खिळा कधी सरळ जात नाही, म्हणून मोठ्या तोऱ्यात मीच ठोकला होता. उद्या स्टुलावर चढला, घड्याळ उतरवलं आणि पकडीने खिळा उपसला. पाण्याची बारीक चिळकांडी थेट त्याच्या तोंडावर! वर जाणारी नळी नेमकी तिथूनच गेली होती. भोकावर अंगठा दाबून, मिशांतून पाणी ठिबकत असताना तो म्हणाला, आधी खालचा कॉक बंद करा. नवरा हसून हसून सोफ्यावर आडवा झाला. मलाही हसू आवरेना, पण लाजेने कान तापले होते.

या वेळी जिना मी हळू चढले. काका पेटीत कपडे भरत होते. खिळा कुणी ठोकला, पाणी कुठून आलं, सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ते दारावरच्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिले.

"म्हणजे नळ मी बंद करत होतो."

"रोज करत होतात, काका."

त्यांचा चेहरा असा खुलला, की मला रडूच फुटलं. त्यांनी आधी लेकीला फोन करून टेम्पो नको म्हणून सांगितलं. मग माझ्याबरोबर खाली आले.

हॉलमध्ये वेगळीच पंचाईत चालली होती. नळी बदलायची तर ती भिंतीत कुठे वळते ते कळायला हवं, नाहीतर अख्खी भिंत उकरावी लागली असती. काकांनी उद्याच्या हातातली पेन्सिल घेतली. हे घर बांधताना ते इथेच उभे होते म्हणे. जमिनीपासून रेघ निघाली, खिडकीजवळ वळली आणि कुठेही न अडखळता छताला भिडली.

उद्याने त्या रेघेवर भिंत फोडली. नळी तिथेच होती, बोटभरही इकडेतिकडे नाही.