विश्रामने परत पाठवलेली खडी

विश्राम गेल्याचा फोन आला तेव्हा मी डिचोलीत एका बांधकामावर काँक्रीटच्या गाडीची वाट पाहत होतो. "काका, बाबा गेले," त्याची मुलगी पेडण्याहून एवढंच म्हणाली... त्याला महिना होत आला. पण तो गेला यापेक्षा माझं मलाच एक जास्त छळतंय, ते आज सांगून टाकतो.

विश्राम माझा शाळेपासूनचा दोस्त. मी ठेकेदार, तो सरकारी खात्यात बांधकामाचं सामान तपासणारा. एका शाळेचा स्लॅब माझ्याकडे होता. मजूर आले, मिक्सर सुरू झाला, आणि हा पठ्ठ्या खडीच्या ढिगाशी बसलेला. ठरल्या मापाचं लोखंडी भांडं तीन थरांत भरायचं, प्रत्येक थराला सळईचे पंचवीस ठोके, मग सपाट करून तोलायचं. खडी एकजात असेल तर वजन दर वेळी जवळपास तेच यायला हवं. त्याची तीन वजनं तीन तऱ्हेची आली, एक तर भलतंच जड.

"जड म्हणजे घट्ट ना रे? मगे अडलां खंय?" मी ओरडलो.

त्याने एक खडा बोटांनीच चुरडला. हात तांबडा झाला. "खाणीचो टाकाऊ दगड मिसळलो हा. ज्यात लोखंड तो जड, हो चुरता तो भुसभुशीत. मी सही करूचंय नाय."

मला ते ठाऊक होतं. चांगली काळी खडी येईपर्यंत थांबायचं कुणी, म्हणून ही भेसळीची मीच आणवली होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं मजुरांदेखत मी त्याला नको नको ते बोललो. वर त्याच्या साहेबांकडे लेखी तक्रार केली, हा माणूस मुद्दाम कामं अडवतो म्हणून. ती खडी त्याने परत पाठवलीच, स्लॅब शेवटी त्याने तपासलेल्या चांगल्या खडीचाच पडला. त्याची मात्र वास्कोला बदली झाली. चार वर्षं तो पेडण्याहून बस बदलत बदलत जात होता. गणेश चवथीला माझ्या घरी यायचा, नेवऱ्या-करंज्या खायचा, आणि तक्रार माझी हे त्याला ठाऊक नाही असंच मी धरून चाललो होतो. लाज वाटायची, पण तोंड उघडत नव्हतं.

शेवटचा भेटलो तेव्हा सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. तो खाटेवर, मी स्टुलावर. मी घसा खाकरला, तेवढ्यात त्यानेच विचारलं, "शाळेचो स्लॅब गळता काय रे?"

"नाय."

"मगे झालां तर..." जरा दम घेऊन तो हसला. "अक्षर जरा सुधार. तुझो अर्ज साहेबाक वाचूक येय नाय होतो. मीच वाचून दाखयलंय."