विहिणींचे भोपळे आणि माझी वाटणी

भोपळ्याला मागची बाजूही असते, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, पडघ्याच्या भर मंडपात कळलं.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. पडघ्याला शेतकरी मेळावा होता आणि त्यात सगळ्यात मोठ्या भाजीची स्पर्धा. मी तेव्हा दापोड्याच्या एका गोडाउनला सुपरवायझर. आलेले खोके ज्याच्या त्याच्या थप्पीला लावणं हे माझं काम. तेवढ्या पुण्याईवर मेळावा भरवणाऱ्या मंडळाच्या तात्यांनी मला भोपळ्यांच्या टेबलावर बसवलं.

"नियम सोपा आहे," तात्या म्हणाले. "साल केशरी-पिवळी असली की लाल गट. कोहळ्यासारखी हिरवी-राखाडी असली की हिरवा गट. वजन नंतर."

सोपाच होता, पण मग दोन टेंपो आले. एकातून माझी आई उतरली, दुसऱ्यातून सासूबाई. दोघी राहनाळच्याच (आमचं लग्न गावातल्या गावात, त्यामुळे भांडायला गाडीभाडंही पडत नाही!). दोघींनी भोपळा लावलाय हे मला माहीत होतं. तो स्पर्धेला आणणार, हे दोघींनी एकमेकींपासून लपवलं होतं आणि माझ्यापासून तर कटाक्षानं!

आईचा भोपळा केशरी. सासूबाईंचा हिरवागार, आणि एवढा अगडबंब की उतरवायला माझ्या गोडाउनचे हमाल बोलवावे लागले. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आई लाल गटात, सासूबाई हिरव्या गटात. दोघी पहिल्या! घरात शांतता! मी चिठ्ठ्या चिकटवल्या आणि स्वतःवर खूश होऊन चहा मागवला.

चहाच्या आधी सासूबाई आल्या.

"जावय, माजा भोपला कोहल्यांच्या रांगंत कसा?"

"सालीवरून ठरतं हो."

"म्हंजी माजा भोपला भोपलाच न्हाय?"

"आहे, पण हिरव्या गटातला."

"म्हंजी कच्चा!"

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं आई. "हिरव्या गटान दुसरा मोठा भोपला कोनाचा हाय?"

"कुणाचा नाही."

"म्हंजी सासूला बसल्या जागी पयला नंबर, न् आयशीनं लढायचं? शाबास रं माज्या लेका!"

मी आशेनं शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या बायकोकडे पाहिलं. तिनं फक्त विचारलं, "आज जेवायला कुठं जाणार आहेस?"

एवढ्यात दापोड्याचे बंडूशेठ बेंजो पार्टी वाजवत आले. जमीन गोडाउनांना देऊन उरलेल्या तुकड्यात त्यांनी भोपळा लावला होता, आणि तोही केशरी. सासूबाईंच्या भोपळ्याकडे पाहताच त्यांचा चेहरा पडला, पण चिठ्ठी वाचून खुलला. "बराबर हाय! हिरवा तो हिरवा! वाट्टेल तो माल लाल गटान नको!"

आई गर्रकन वळली. "वाट्टेल तो माल कोनाला म्हनतस रं? माज्या विहीनबायचा भोपला हाय तो!"

मी थक्क! क्षणापूर्वी एकमेकींकडे न बघणाऱ्या दोघी आता खांद्याला खांदा लावून बंडूशेठसमोर उभ्या. आवाज वाढले, बेंजो थांबला, तात्या धावत आले. त्यांनी निवाडा दिला, "निम्म्याहून जास्त साल ज्या रंगाची, तो गट. फिरवा भोपळा!"

हमालांनी भोपळा फिरवला. मागची बाजू केशरी! कडेपासून कडेपर्यंत नुसती केशरी! (गोडाउनात लेबल समोर असतं. मागं जाऊन बघायची सवयच नव्हती!) तात्यांनी टेप मागवली. एक टोक आईनं धरलं, दुसरं सासूबाईंनी. केशरी साल निम्म्याच्या बरीच वर निघाली. भोपळा लाल गटात!

चूक माझी, म्हणून उचलायला मीही खांदा लावला. ओल्या पेंढ्यावर पाय सटकला, मी खाली बसलो आणि भोपळा माझ्या मांडीवर!

"अगो बाय!" करत दोघी धावल्या. आईनं देठ तपासला, सासूबाईंनी साल. "काय न्हाय जालं!" दोघी एकदम म्हणाल्या. मला हमालांनी ओढून काढलं.

मग वजनं झाली. सासूबाई पहिल्या, आई दुसरी, बंडूशेठ तिसरे! दोघींनी एकमेकींना अशी मिठी मारली की मंडपात शिट्ट्या पडल्या. बेंजोवाल्यांना नाचणारी माणसं हवी होती, ती आमच्याकडे होती. ते सरळ आमच्या टेंपोत चढले आणि राहनाळपर्यंत वाजवत आले. वेशीवर बायका ओवाळायला उभ्या होत्या. पुढं दोघी विहिणी, मधे दोन भोपळे, मागं लंगडत मी. त्या दिवशी अख्ख्या गावात आमच्या घराण्याएवढं मोठं घराणं नव्हतं.

आठवड्यानं आईकडे सगळे जेवायला जमलो. वाटीत गरमागरम केशरी हलवा आला. झालं गेलं विसरायला लावावं म्हणून मी मोठ्यानं म्हणालो, "वा! याला म्हणतात आपला भोपळा! गाजराच्या हलव्याला ही चव जन्मात येणार नाही!"

सासूबाईंनी वाकून माझ्या वाटीत पाहिलं.

"गाजराचाच आहे तो," बायको म्हणाली.