बाबा उठून गेले ते गाणं

आमच्या लिनशियात डोंगरावरची प्रेमगीतं घरात, वडीलधाऱ्यांसमोर कुणी गात नाही. माझी धाकटी बहीण युएलान तीच गाणी पाश्चात्त्य धाटणीच्या रचनेत बांधून व्हायोलावर, म्हणजे व्हायोलिनच्या जरा मोठ्या भावंडावर, वाजवत होती. म्हणायची, "शब्दच नाहीत, मग कसली लाज?" पण तिचं समाधान होईना. रोज सूर खोडायची, पुन्हा लिहायची, जेवण अर्धवट टाकायची, आमच्यावर खेकसायची. मला वेड लागायची पाळी आली. बाबा मात्र शेजारी निवांत नूडल्स ओरपायचे.

"छान आहे गं, विलायती!"

ती आणखीच पेटायची.

काल तिनं एक सूर, डोंगरावर गातात तसा, जरासा घसरवत खाली आणला. बाबांचे कान लाल झाले. वाडगा आपटून ते उठले.

"बापासमोर हे वाजवतेस? लाज नाही वाटत?"

दार धाडकन लागलं. युएलाननं गज खाली ठेवला, बाबांचा अर्धा वाडगा पुढे ओढला आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.